काळ्या मातीतून आलेली सायकल धुताना

पिंपळगाव बसवंतहून वणीच्या रस्त्याला लागलं की समोर सातमाळा रांग दिसू लागते. वणी, नांदुरी करत सप्तशृंगगडाचा घाट चढायचा, किंवा महामार्गाने वडाळीभोई गाठून धोडपच्या पायथ्याच्या हट्टी गावाकडे वळायचं. माउंटन बाइकवर भटकायला दोन्ही वाटा उत्तम. डांबर सोडून द्राक्षबागांमधल्या शिवाररस्त्याला उतरलात की मात्र काळ्या मातीशी गाठ पडते. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते, चाकांवर थर चढवते आणि वाळली की विटेसारखी टणक होते. घरी आल्यावर ती कशी काढता, यावर ब्रेक आणि बेअरिंगचं आयुष्य ठरतं.

निघण्याआधी

पाऊस उघडल्या उघडल्या शिवारात शिरू नका. वाफसा आल्याशिवाय शेतकरी वावरात ट्रॅक्टर घालत नाही. सायकललाही तोच नियम लावा. ओल्या रस्त्यावर आपण पाडलेल्या चाकोऱ्या नंतर माल वाहणाऱ्या गाड्यांना नडतात.

बागेत फवारणी चालू असेल तर दुसरी वाट धरा. औषधं अंगाला घातक असतातच, शिवाय बोर्डो मिश्रणातला मोरचूद ॲल्युमिनियम आणि पोलाद दोन्ही खातो. सायकलवर निळसर डाग दिसले तर रबरी हातमोजे घालून ती त्याच दिवशी धुवा.

एचटीपी पंपाला हात लावू नका

बागायतदाराच्या शेडमध्ये फवारणीचा एचटीपी पंप तयारच असतो. गन धरली की चिखल क्षणात उडतो, म्हणून मोह होतो. पण माउंटन बाइकच्या टायरमध्ये साधारण 25 ते 35 पीएसआय हवा असते आणि या पंपाचा दाब 300 पीएसआयच्या पुढे जातो. एवढ्या दाबाचं पाणी सील ओलांडून हब, बॉटम ब्रॅकेट, हेडसेट आणि फोर्कमध्ये घुसतं. आतलं ग्रीस निघून जातं, बेअरिंग गंजतं आणि काही आठवड्यांनी चाक खडखडू लागतं. रस्त्यावरच्या वॉशिंग सेंटरच्या गनलाही हेच लागू. त्यातून फवारणीच्या टाकीत औषधाचा अंश राहिलेला असतो, तो वेगळाच धोका. साधी नळी किंवा बादली आणि तांब्या पुरेसा आहे.

धुण्याचा क्रम

1. घाट उतरून आला असाल तर आधी सायकल सावलीत थांबवा. डिस्क तापलेली असते. हात लागला तर पोळतो आणि एकदम गार पाणी पडलं तर ती वाकू शकते.

2. चिखल ओला असतानाच जाड थर लाकडी काडीने काढा. स्क्रूड्रायव्हर किंवा खुरपं नको, रंग खरवडतो आणि टायर फाटतं. माती वाळली असेल तर पाणी शिंपडून दहा मिनिटं मुरू द्या. कोरडी घासली तर फ्रेमवर चरे पडतात.

3. भांडी घासायचा पातळ साबण पाण्यात घालून मऊ ब्रशने वरून खाली या. फोर्कच्या चकचकीत नळ्या फक्त मऊ फडक्याने पुसा.

4. चेन आणि कॅसेटला वेगळा ब्रश ठेवा. तेलकट ब्रश किंवा फडकं डिस्कला कधीही लावू नका. डिग्रीझर चेनवरच लावा. पेट्रोल वापरू नका. त्याची वाफ पेट घेते.

5. डिस्क शेवटी स्वच्छ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. पॅडला तेल लागलं तर ब्रेकची पकड जाते आणि बहुतेक वेळा पॅडच बदलावे लागतात.

बोटं सांभाळा

फिरत्या चाकाच्या डिस्कजवळ किंवा फिरत्या चेनमध्ये फडकं धरू नका. फडकं ओढलं जातं आणि त्याबरोबर बोटही. पातळ डिस्क बोट कापू शकते. चेन पुसताना चाक थांबलेलं ठेवा, पॅडल हाताने हळू उलटं फिरवा आणि फडकं चेनच्या खालच्या बाजूला, दातेरी चक्रांपासून लांब धरा. मुलं मदतीला असतील तर त्यांना फ्रेम आणि टायर द्या.

हायड्रॉलिक ब्रेक असेल तर चाक काढल्यावर लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात. सायकल फार वेळ उलटी उभी करून धुणंही टाळा. ब्रेक ऑइलच्या टाकीतली हवा ब्रेकच्या नळीत जाऊ शकते.

वाळवणं आणि तेल

सायकल दोन-तीनदा जमिनीवर हलकेच आपटा म्हणजे अडकलेलं पाणी गळून पडेल. मग कोरड्या फडक्याने पुसा. चेन पूर्ण वाळल्यावर प्रत्येक कडीवर ल्युबचा एक थेंब टाका, थोडं मुरू द्या आणि वरचं तेल पुसून घ्या. पुसलं नाही तर त्यावर पुन्हा मातीच बसते. पावसाळ्यात वेट ल्युब, उन्हाळ्यात ड्राय ल्युब.

पाणी कुठं सोडायचं

सायकल एक-दोन बादल्यांत निघते. कादवेच्या काठावर, विहिरीजवळ किंवा शेततळ्याच्या बांधावर धुऊ नका. डिग्रीझरचं पाणी वेगळ्या भांड्यात धरा. बागेत, झाडाच्या आळ्यात ओतू नका. चेन पुसलेली तेलकट चिंधी कचऱ्यात टाका, जाळू नका.

शेवटी टायरमधले बाभळीचे काटे शोधा, चाकांचे एक्सल घट्ट आहेत का पाहा आणि अंगणातच दोन्ही ब्रेक आलटून पालटून दाबत थोडं फिरा. लिव्हर हँडलपर्यंत जात असेल किंवा डिस्क ओरडत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत घाटाचा बेत पुढे ढकला. नांदुरीचा उतार लांब आहे, आणि वळणांवर समोरून भाविकांच्या गाड्या येत असतात.