ओळख पटवावी, मगच पैसा द्यावा

व्यापार विश्वासावर चालतो हे खरे. परंतु विश्वास म्हणजे डोळेझाक नव्हे. पूर्वी शहाजोग हुंडी पेढीवर आली, की ती आणणारा पतवान ‘शहा’ आहे याची खात्री करूनच मुनीम रक्कम देत असे. हुंडी खोटी ठरल्यास त्या शहास पैसे परत करावे लागत.

इ. स. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले आणि पैसा क्षणात हातचा जाऊ लागला. म्हणून ग्राहकाने दाखविलेल्या चित्रावर न विसंबता आपल्या खात्यातील जमा पाहावी. पैसे घेण्यास पिन लागत नाही. तो मागणारा ठकच समजावा. पुरवठादाराचे बँक खाते बदलल्याचे पत्र आल्यास त्याच्या जुन्या, माहितीच्या दूरध्वनीवर विचारावे. एकाने नोंद करावी, दुसऱ्याने मंजुरी द्यावी.

ठकांच्या युक्त्या रोज पालटतात. यास्तव संगणकावर माणसे नेमताना एकाच प्रणालीचे ज्ञान न पाहता नवे शिकण्याची तयारी पाहावी. घाईत असलेल्या मालकासही ‘थांबा’ म्हणू शकणारा नोकर हाच पेढीचा खरा रक्षक होय. फसवणूक झालीच, तर लाजेने न लपविता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. विलंबाने गेलेला पैसा क्वचितच परततो.