पुसलेलें खरोखर पुसलें जातें काय ?

पूर्वीं पंतोजींच्या शाळेंत मुलें धूळपाटीवर अक्षरें गिरवीत. फळीवर बारीक धूळ पसरावी, बोटानें वा काडीनें अक्षर काढावें, आणि चुकलें तर हात फिरवून धूळ सारखी करावी. अक्षर नाहींसें झालें हें डोळ्यांस तत्काळ दिसे. संगणकावरील एखादी फाईल आपण 'डिलीट' करितों, तेव्हां आपल्या मनांत नकळत हीच धूळपाटी असते. परंतु संगणकाची स्मृति ही धूळपाटी नव्हे. ती अनुक्रमणिका असलेली एक जाडजूड चोपडी आहे, आणि पुष्कळ अनर्थाचें मूळ या भेदांतच आहे.

अमुक मजकूर अमुक पानावर, असें ही अनुक्रमणिका सांगते. फाईल काढून टाकण्याची आज्ञा झाली म्हणजे संगणक त्या नोंदीपुढें 'हीं पानें आतां मोकळीं' अशी खूण करितो व स्वस्थ बसतो. पानें तो फाडीत नाहीं, शाईही पुसत नाहीं. पुढें केव्हांतरी नवा मजकूर त्याच पानांवर पडला तरच जुना जातो. तोंपर्यंत तो जाणत्यास वाचतां येतो. 'फॉरमॅट' केल्यानें सारें जातें अशी समजूत आहे. पण झटपट फॉरमॅटमध्यें केवळ कोरी अनुक्रमणिका बांधली जाते. ही रचना आळसाची नव्हे. प्रत्येक पान पुसूं लागल्यास मोठी हार्ड डिस्क कित्येक तास अडून राहील. शिवाय चुकून काढलेलीं छायाचित्रें परत मिळतात, तीं याच रचनेच्या कृपेनें.

१९३६ च्या डिसेंबरांत फैजपुरास काँग्रेसचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें, तेव्हां गांवची सारी नोंद कागदावर होती. आज सात-बारा, पतपेढीचीं खातीं, दाखले, गुणपत्रकें हीं सर्व संगणकांत शिरलीं आहेत. असा संगणक जुना झाला कीं विकला जातो अथवा भंगारांत जातो, आणि न पुसल्यास लोकांचे आधार क्रमांक व मुलांचीं छायाचित्रेंही त्याच्याबरोबर परक्याच्या हातीं पडतात. ही भीति काल्पनिक नाहीं. अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंतील सिम्सन गार्फिन्केल व अभि शेलाट यांनीं २००० ते २००२ या काळांत वापरलेल्या १५८ हार्ड डिस्का विकत घेतल्या. त्यांतील १२९ चालू निघाल्या. आणि नीट पुसलेल्या किती? अवघ्या १२ ! एक डिस्क तर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रांतील असावी असें आढळलें. कित्येक डिस्का फॉरमॅट केलेल्या होत्या, म्हणजे विकणाऱ्यानें आपल्या समजुतीप्रमाणें काळजी घेतलीच होती.

मग कोणी म्हणेल, साफसफाईचें सॉफ्टवेअर आहे ना ! तें मोकळ्या पानांवर शून्यें अथवा निरर्थक अंक लिहून जुना मजकूर झांकतें, हें खरें. पण त्या सॉफ्टवेअरांतही दोष असतात. विंडोजच्या एनटीएफएस रचनेंत सुमारें ७०० बाइटांहून लहान फाईल स्वतंत्र पानावर न ठेवतां अनुक्रमणिकेंतच ठेवली जाते. जें सॉफ्टवेअर केवळ मोकळीं पानें पुसतें, त्याच्या हातून अशी फाईल सुटते; आणि गुप्त संकेतशब्द बहुधा अशाच इवल्या फाइलींत लिहिलेले असतात. फेब्रुवारी २०२२ मध्यें खुद्द मायक्रोसॉफ्टनें मान्य केलें कीं, विंडोज पुन्हां स्थापतांना 'सर्व कांहीं काढून टाका' असा पर्याय निवडला तरी वनड्राइव्हमधून उतरविलेल्या फायली मागें राहूं शकतात. दुरुस्ती पुढच्याच महिन्यांत आली. परंतु तत्पूर्वीं ज्यांनीं विश्वासानें आपले संगणक दुसऱ्यास दिले, त्यांना ती काय कामाची? २०१७ सालची गोष्ट याहून विचित्र आहे. सीक्लीनर या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या ५.३३ या आवृत्तींत चोरट्यांनीं आपला कपटी भाग मिसळला, आणि १५ ऑगस्टपासून सुमारें महिनाभर तें अधिकृत जागेवरूनच वांटलें गेलें. सुमारें २२ लक्ष ७० हजार लोकांनीं तें घेतलें. झाडूवाल्याच्या टोपलींतच चोर बसून आला म्हणावयाचा !

नव्या एसएसडी डिस्कांनीं तर प्रश्न अधिक बिकट केला आहे. यांतील प्रत्येक पेशी ठराविक वेळांच लिहितां-पुसतां येते. म्हणून आपला शेतकरी एकाच वावरावर भार पडूं नये यासाठीं जसा केळीनंतर पिकाची फेरपालट करितो, तसा त्या डिस्कमधील नियंत्रक नवा मजकूर जुन्या जागीं न लिहितां दुसरीकडे लिहितो. आपण म्हणतों, मीं जुन्यावर शून्यें लिहिलीं. वस्तुतः शून्यें दुसऱ्या वावरांत पेरलीं जातात आणि जुनें पीक पहिल्यांत उभेंच राहतें. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेंतील संशोधकांनीं २०११ सालीं प्रयोग केले, तेव्हां एकेक फाईल पुसण्याच्या सर्व पद्धती फसल्या. ४ ते ७५ टक्के मजकूर शिल्लक राहिला. डिस्कमध्येंच बसविलेली संपूर्ण पुसण्याची आज्ञाही त्यांनीं तपासली. एका डिस्कनें 'काम यशस्वी झालें' असें उत्तर दिलें, आणि आंत सर्व मजकूर जसाच्या तसा होता. मला या सर्व प्रकरणांत हें उत्तर सर्वांत भयंकर वाटतें.

उपाय आहेत. जुन्या चुंबकीय डिस्कवर सर्वत्र एकदां शून्यें लिहिणें सामान्य कामास पुरेसें होतें. न्यूझीलंडचे पीटर गटमन यांनीं १९९६ सालीं ३५ वेळां लिहिण्याची रीति सुचविली होती. पण आधुनिक डिस्कांस ती निरर्थक आहे असें पुढें त्यांनींच लिहिलें, तरी कित्येक सॉफ्टवेअरांत ती मोठ्या दिमाखानें मिरवते. एसएसडीसाठीं पहिल्या दिवसापासूनच सारा मजकूर सांकेतिक करून ठेवावा. पुढें त्याची किल्ली नष्ट केली कीं मागें उरतो तो अर्थहीन अंकांचा ढीग. आजचे बहुतेक स्मार्टफोन याच तत्त्वावर चालतात. फारच नाजूक माहिती असेल तर डिस्कचे तुकडे करावे.

मात्र पुसण्यापूर्वीं जें हवें त्याची प्रत दुसरीकडे असावी. २१ जून २०१२ रोजीं मुंबईस मंत्रालयाला लागलेल्या आगींत असंख्य फायली पाहतां पाहतां भस्म झाल्या. नको तें टिकतें आणि हवें तें जातें, असा हा उलटा व्यवहार आहे. प्रत झाली, डिस्क पुसली, कीं फायली परत मिळवून देणारें एखादें सॉफ्टवेअर तिच्यावर चालवून पाहावें. एकही नांव परत आलें तर काम पुन्हां करावें. कांहीं न आल्यास डिस्कचा अनुक्रमांक, पुसण्याची रीति, तारीख आणि तपासणाऱ्याची सही डेडस्टॉक रजिस्टरांत नोंदवावी, व मगच संगणक दाराबाहेर जाऊं द्यावा.