साडेचार इंचांची गाडी आणि गडचिरोलीचा रस्ता

माझं माहेर चंद्रपूरचं, संसार पुण्यात आणि गाडी दोन माणसांची, बुटकी, मागच्या चाकांवर धावणारी. तिन्हींवर माझा जीव आहे. त्यामुळे ही गाडी घेऊन मी चंद्रपूर आणि गडचिरोलीत बरीच हिंडले आहे. अशा गाडीच्या तयारीचा विषय निघाला की लोक आधी इंजिनाबद्दल विचारतात. वेळेवर ऑइल बदललेलं, नीट सांभाळलेलं इंजिन सहसा वाटेत दगा देत नाही. गाडी अडते ती पोटाखालच्या उंचीमुळे, उन्हामुळे, धुळीमुळे. आणि ती अडते तिथून मदत किती लांब आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. माझी तयारी याच क्रमानं होते.

१. आधी टेप घेऊन पोटाखालची उंची मोजा.

माझ्या गाडीची उंची साडेचार इंच, म्हणजे साडेअकरा सेंटीमीटरच्या आसपास. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. कागदावर गाडी त्यावरून सुटते. पण कंपनीचा आकडा धरून चालू नये. टाकी पूर्ण भरा, दोघं आत बसा, डिकीत सामान ठेवा आणि मग कुणाला तरी बाहेरून मोजायला सांगा. खरी उंची ती. शिवाय गावातले गतिरोधक मानकाला धरून असतीलच असं नाही. मूल, सावली, चामोर्शी या बाजूला गावाच्या तोंडाशी काही अरुंद आणि चांगलेच उंच लागतात. मला त्यांचा राग येत नाही. शाळेत जाणारी पोरं तोच रस्ता ओलांडतात. तिथं गाडी जवळजवळ थांबवायची, मागचीपुढची वाहनं बघायची आणि तिरकी घ्यायची. एका वेळी एकच चाक वर चढलं पाहिजे. सोबतच्यानं खाली उतरावं. तेवढ्यानंही गाडी बोटभर उचलली जाते.

इंजिनाखाली कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिकचं आवरण असेल तर त्याच्या जागी धातूचा गार्ड बसवून घ्या. मात्र त्याला गरम हवा बाहेर पडायला खाचा हव्यात आणि ऑइल काढायच्या बोल्टापाशी भोक हवं, नाहीतर चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, वाचवायच्या नादात इंजिन तापायचं. चंद्रपूरच्या एका मिस्त्रींनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, “ताई, टायर फुटला तर गाडी घरी जाते. चेंबर फुटलं तर इथंच राहते.”

२. रिम लहान, टायर जाड.

सगळ्या तयारीत माझ्या मते हाच बदल सर्वांत मोलाचा आहे. गाडीबरोबर आलेले टायर २२५/४० आर १८ मापाचे होते. म्हणजे टायरची बाजू जेमतेम ९ सेंटीमीटर, आणि खड्ड्याची धार थेट रिमला. प्रवासासाठी मी १७ इंची रिमचा वेगळा संच ठेवला आहे, त्यावर २२५/४५ आर १७. चाकाचा एकूण व्यास ६३७ मिलिमीटरवरून ६३४ वर येतो, म्हणून स्पीडोमीटर आणि एबीएस बिघडत नाहीत. गाडी त्यानं उंच होत नाही, पण रबराची बाजू १० सेंटीमीटरच्या वर जाते. गाडी दिसायला किंचित साधी होते, ते मला चालतं. रिम लहान करण्याआधी ती ब्रेकच्या कॅलिपरवरून बसते का, हे तपासा. ताकदवान गाड्यांचे ब्रेक मोठे असतात.

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. स्पोर्ट्स कार वर्षात थोडीच फिरते, म्हणून नक्षी नव्यासारखी राहते आणि आत रबर मात्र कडक झालेलं असतं. नक्षी बघून समाधान मानू नये, तारीख वाचावी.

३. समृद्धीवर वेग गाडीच्या नव्हे, टायरच्या मानानं.

पुण्याहून छत्रपती संभाजीनगर गाठायचं आणि तिथून समृद्धी महामार्गानं नागपूर, ही माझी नेहमीची वाट. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा जोडून ७०१ किलोमीटरचा मुंबई–नागपूर मार्ग पूर्ण झाला. मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. गाडी त्याहून कितीतरी पुढं जाऊ शकते, म्हणूनच हे ठामपणे सांगते. सिमेंटचा सरळ रस्ता, दुपारचं ऊन आणि तासन् तास एकच वेग, यात टायर किती तापला ते आत बसून कळत नाही. हवा पहाटे, टायर थंड असताना भरा. तापमान दहा अंशांनी वाढलं की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयनं वाढतो. दुपारी वाढलेला आकडा पाहून हवा काढू नका. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटतो. दर दोन तासांनी थांबायचं आणि चारही चाकांना हात लावून बघायचा. एखादं चाक इतरांपेक्षा जास्त गरम लागलं तर तिथं हवा कमी असते किंवा ब्रेक चिकटलेला असतो.

४. चंद्रपूरचं ऊन गंभीरपणे घ्या.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा समृद्धीवर धावताना थंड असलेली गाडी चंद्रपूरच्या चौकात ट्रकांच्या मागं उभी राहिली की तापते, कारण समोरून येणारा वारा थांबलेला असतो आणि सगळा भार रेडिएटरच्या पंख्यावर येतो. निघायच्या आधी एसी लावून गाडी अर्धा तास जागेवर उभी ठेवा आणि काटा बघत राहा. पंखा दोन्ही वेगांनी फिरतो का, हे याच परीक्षेत कळतं. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये गाडीच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणातच मिसळा. टाकीचं झाकण जुनं असेल तर नवं घ्या. दाब टिकला तरच कूलंट उशिरा उकळतं. बुटक्या गाडीचा रेडिएटर जमिनीलगत असतो, त्याच्या जाळीत पिसं, किडे, पाला अडकतो. तो मऊ ब्रशनं आणि हलक्या पाण्यानं काढावा. जोराच्या फवाऱ्यानं पात्या वाकतात.

मला विचाराल तर अशा गाडीनं या भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच यावं.

५. पेट्रोल.

माझ्या इंजिनाला ९५ ऑक्टेन लागतं. साधं पेट्रोल त्याहून कमी ऑक्टेनचं असू शकतं. आधुनिक इंजिन साधं पेट्रोल ओळखून ठिणगीची वेळ मागं घेतं. ताकद थोडी जाते, नुकसान होत नाही, पण मग पायही हलका ठेवावा लागतो. चांगलं पेट्रोल मी नागपुरात भरते आणि पुढं ते मिळेलच असं धरत नाही. गडचिरोली सोडल्यावर टाकी अर्ध्यावर आली की दिसेल त्या पंपावर भरायची. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. गाडी जुनी असेल तर इंधनाचे रबरी पाइप आणि सील तपासून, लागलेच तर बदलूनच निघा. उन्हात इंजिनापाशी पेट्रोल झिरपणं हा आगीचा धोका आहे.

६. धूळ.

घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर या पट्ट्यात कोळशाची धूळ. २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र चंद्रपुरातच आहे. आष्टीच्या पुढं आलापल्लीकडे जाताना एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक लागतात, त्यांची लाल धूळ. इंजिनाचा एअर फिल्टर नवा, एक जादा सोबत, आणि ट्रकच्या मागं चिकटून चालायचं नाही. उडणारा खडा समोरची काच तडकवतो आणि अशा गाड्यांच्या काचा विदर्भात सहजी मिळत नाहीत.

७. वाळलेल्या पाल्यावर गाडी उभी करू नका.

हे मी कुठल्याही गाडीच्या पुस्तकात ठळकपणे लिहिलेलं पाहिलेलं नाही, आणि सगळ्या खबरदारीत मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. फेब्रुवारीपासून साग आणि तेंदूची पानं गळतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली फुलं वेचायला माणसं पहाटेपासून असतात. वन विभागाचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. या दिवसांत रस्त्याच्या कडेला घोट्याइतका पाला साचलेला असतो. गाडीच्या सायलेन्सरच्या आधी बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जोरात चालल्यावर काहीशे अंशांवर जातो, आणि साडेचार इंचांच्या गाडीत तो पाल्याला जवळजवळ टेकतो. फोटो काढायला म्हणून दहा मिनिटं गाडी कडेला घेतली तरी पाला पेटू शकतो. आग गाडीपुरती राहिली तर गेलं ते आपलं. जंगलात गेली तर त्या हंगामाचा मोह आणि तेंदूपत्ता जातो, आणि त्यावर कित्येक घरांचा वर्षाचा हिशेब उभा असतो. म्हणून थांबायचं ते गावाच्या चौकात, धाब्याच्या मोकळ्या अंगणात, पंपाबाहेरच्या फरशीवर. चढ किंवा वेगाची धाव संपली की शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश यायचं. टर्बोलाही ते मानवतं. अग्निशामक सिलिंडर सीटच्या पुढं, हात पोहोचेल असा. डिकीत सामानाखाली ठेवलेल्याचा उपयोग नाही.

८. सूर्य मावळला की गाडी बंद.

चंद्रपूर–मूल रस्ता लोहारा, चिचपल्लीवरून जंगलातून जातो आणि वाघ तो ओलांडतो. चितळ, रानडुक्कर, अस्वल तर नेहमीचेच. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगल आहे आणि २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप तिथं आला. बुटक्या गाडीत बसणाऱ्याची नजर खाली, दिवे खाली. पुढं काय आहे ते उशिरा दिसतं. डुक्कर किंवा रस्त्यावर बसलेली गाय धडकली तर गाडीचं खालचं नाक जनावराचे पाय उडवतं आणि अंग काचेवर येतं. प्रखर दिवे बसवून हा धोका टळत नाही. एक्झॉस्टचा आवाज वाढवणारं बटण असेल तर जंगलाच्या रस्त्यावर ते बंद ठेवा. १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान असलेल्या ताडोबाच्या सफारीत आपली गाडी तशीही चालत नाही. मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वारापर्यंत जायचं आणि पुढं नोंदणीकृत जिप्सी.

९. डिकीत काय ठेवायचं.

स्टेपनी नसते, म्हणून डिकीची जागा कपड्यांआधी दुरुस्तीच्या सामानाला. हवा भरायचा छोटा कंप्रेसर. पंक्चरच्या दोऱ्या आणि टोचा, आणि तो स्वतः वापरायचा घरी केलेला सराव. चाकाच्या लॉकनटची चावी. ती घरी राहिली तर शेजारी मिस्त्री असूनही चाक निघत नाही. बंपरमध्ये फिरवून बसवायचा टोचनाचा हुक. दोन लिटर कूलंट, एक लिटर ऑइल. चाकाखाली ठेवायला लाकडी फळी, कारण बुटक्या गाडीखाली जॅक सरकतच नाही. आधी फळीवर चाक चढवायचं, मग जॅक. विम्यातली रस्त्यावरची मदत किती किलोमीटरपर्यंत आहे आणि सपाट पाठीचा ट्रक मिळणार का, हे निघायच्या आधी फोन करून विचारा. साखळीनं पुढची चाकं उचलून नेली तर अशा गाडीचा मागचा बंपर रस्त्यावर घासतो. मागच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सही जातो. गडचिरोलीच्या पुढं फोनला रेंज असेलच असं नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि घरच्यांना कुठल्या गावाहून कधी फोन येईल ते सांगून ठेवा.

१०. गाडी कुठं थांबवायची ते निघतानाच ठरवा.

मूलमार्गे सावली, व्याहाड, वैनगंगेचा पूल, गडचिरोली. पुढं चामोर्शी, आणि तिथून आत वळून मार्कंडा. वैनगंगा तिथं उत्तरेकडे वाहते आणि काठावर दगडी देवळांचा समूह आहे. हिवाळ्यात इथवर ही गाडी सावकाश जाते. आष्टी–आलापल्ली रस्त्याची स्थिती मात्र खनिजाच्या वाहतुकीनं सतत बदलते, म्हणून चामोर्शीला ट्रकवाल्यांना किंवा एसटीच्या चालकांना विचारून मगच पुढं निघायचं. त्यांचं उत्तर त्याच सकाळचं असतं.

आलापल्लीहून दोन वाटा. एक सिरोंच्याला, प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाकडे. हा रस्ता वर्षानुवर्षे तक्रारीचा विषय राहिला आहे. दुसरी हेमलकशावरून, जिथं १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प आहे, भामरागडला. दोन्हींवर मी ही गाडी नेत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरानं भामरागडचा संपर्क किती वेळा तुटला आहे! आणि लहान नाल्यांवरचे रपटे एका सरीत पाण्याखाली जातात. या गाड्यांचं हवा ओढणारं तोंड पुढं, अगदी खाली असतं. पाणी आत गेलं तर इंजिनाचे रॉड वाकतात. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर ते किती आहे याचा अंदाज करत बसू नये, परत फिरावं. आलापल्लीला ओळखीच्या अंगणात गाडी ठेवायची आणि अहेरी आगाराची एसटी किंवा भाड्याची जीप घेऊन पुढं जायचं. वाटेत पोलिसांच्या नाक्यावर थांबवतात. कागद हाताशी ठेवा, विचारलं ते नीट सांगा, ठाण्यांचे फोटो काढू नका.

११. परतल्यावर.

लिफ्टवर चढवून खालून धुऊन घ्या, कोळशाची आणि खनिजाची धूळ ब्रेक आणि जोडांमध्ये राहू देऊ नका. एअर फिल्टर बदला. रिम फिरवून आतली कड बघा, तडा तिथं पडतो. व्हील अलाइनमेंट करून घ्या आणि गार्ड उघडून चेंबरचा बोल्ट ओला आहे का ते हात लावून तपासा.