आईचा रिपोर्ट नॉर्मल आला, तरी…

क्रिएटिनिन ०.९ आलं, रिपोर्टवर कुठे ठळक अक्षर नाही, म्हणून तू कागद फाईलला लावून मोकळी झालीस ना? थांब जरा. घाबरू नकोस गं, पण तो कागद परत काढ.

बघ, क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये आणि मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात. वय वाढलं, जेवण घटलं, हिंडणं-फिरणं थांबलं की स्नायू झडतात, मग क्रिएटिनिन मुळात तयारच कमी होतं. केरच कमी पडला तर झिजलेल्या झाडूनेही घर लख्ख दिसतं, तसं हे. आईच्या बांगड्या हल्ली पार कोपरापर्यंत सरकतात, खुर्चीतून उठताना तिला हातांचा जोर लावावा लागतो, हे डॉक्टरांना आपणहून सांग. रिपोर्टात ते कुठेच येत नाही.

खरं सांगू का, तोच ०.९ आकडा तिशीच्या बाईचा असेल तर ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं किती गाळतात याचा अंदाज, साधारण ८८ निघतो, ७८ वर्षांच्या बाईचा ६५. ईजीएफआरच्या सूत्रात वय आहे, वजन नाही. औषधाचा डोस ठरवताना कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट नावाचं जुनं सूत्र वापरतात, ते वजनही धरतं. त्याच ७८ वर्षांच्या बाई ४२ किलोच्या असतील तर त्यात उत्तर येतं जेमतेम ३४! म्हणून आईचं आजचं वजन करून ने, जुनं आठवून सांगू नकोस.

डॉक्टरांना सरळ विचार, "सिस्टॅटिन सी करून बघायचं का?" हे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी बनवतात, त्यामुळे स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. थायरॉईड बिघडलेला असेल किंवा स्टिरॉइड चालू असेल तर मात्र तोही आकडा हलतो, तेव्हा गोळ्यांची यादी पर्समध्ये असू दे. लघवीतल्या अल्ब्युमिनचंही विचार.

आणि हे ऐकच माझं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी तिला रोज देऊ नकोस. किडनी जपायची म्हणून मनानेच डाळ, दूध, अंडं बंद करू नकोस. स्नायू आणखी झडतील, क्रिएटिनिन खाली येईल आणि तुला वाटेल, सुधारणा झाली! एका रिपोर्टवर जुनाट आजार ठरत नाही, बिघाड निदान तीन महिने टिकलेला दिसावा लागतो. तेव्हा रात्री जागून नेटवर शोधत बसू नकोस. एवढं घर सांभाळतेस, हेही जमेल तुला. उद्या सकाळी आधी तिचं वजन कर आणि मग डॉक्टरांची वेळ घे.