मुंबई पाहायची तर पाण्यावरून

पोट्टेहो, अल्लीपूरहून मुंबई पाहायला गेलेला माणूस आधी टॅक्सी ठरवतो आणि मग अर्धा दिवस सिग्नलवर बसून काढतो. तुम्ही तसं करू नका. जुनी मुंबई बंदराकडे तोंड करून उभी आहे, तिचं पहिलं दर्शन लाँचमधूनच घ्या. मात्र लाँचचा दिवस आपल्या सोयीनं आखता येत नाही, तो पाणी ठरवतं. यशोदा नदीला पूर आला, रपटा बुडाला, की आपण कंडक्टरशी हुज्जत घालत नाही. तिथंही घालू नका.

म्हणून आधी हंगाम पाहा. सोयाबीन घरात आलं, कापसाचा पहिला वेचा झाला की निघा. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद ठेवतात आणि घारापुरी बेटाकडे जाणाऱ्या लाँचचंही हवा पाहूनच ठरतं. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या वाहणारी रो-रो बोट सुरू आहे. ती मोठी आहे, तासाभरात पोचवते, म्हाताऱ्या माणसांना तीच बरी.

वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेस धरली तर ती सकाळीच सीएसएमटीला उतरवते. सामान तिथल्या क्लोक रूममध्ये टाका, पण बॅगेला कुलूप हवं. बिनकुलपाची बॅग ठेवून घेत नाहीत. तिथून पोटभर नाही, पण काहीतरी खाऊन थेट गेटवेला जा आणि घारापुरीची सकाळची पहिली लाँच गाठा. ताज हॉटेल आणि गेटवे पूर्वेला तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळचं ऊन सरळ त्यांच्या अंगावर पडतं. फोटो काढायचे ते तेव्हाच. दुपारी परतताना ऊन तुमच्या डोळ्यांत येतं आणि इमारती काळ्या दिसतात.

आता चढायची गोष्ट. धक्क्याला लाँच एकीला एक खेटून बांधलेल्या असतात. कधीकधी पहिल्या लाँचमधून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जावं लागतं. पायऱ्यांवर शेवाळ असतं. लाँच खाली जाते, वर येते. ती वर आली की पाय टाकायचा, आणि खलाशानं पुढे केलेला हात धरायचा. लाज वाटून घेऊ नका, तो हात त्याच कामाचा आहे. एका हातात पिशवी, दुसऱ्यात मोबाईल आणि कडेवर लेकरू, असं तर मुळीच नको.

बसल्यावर पहिलं काम लाइफ जॅकेट. गरम होतं म्हणून काढून मांडीवर ठेवायचं नाही, पट्टे आवळून बांधायचं. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ माणसं गेली. त्याआधी १७ जुलै १९४७ ला, आषाढी अमावस्येला, रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली होती, तेव्हा सहाशेच्या वर माणसं गेली. भीती घालायला सांगत नाही, लाँच रोज जातात-येतात. पण पंचांग आपण मुहूर्तापुरतं पाहतो, ते इथंही उपयोगी पडतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीचा जोर जास्त असतो, आणि धक्क्यावरची चढ-उतार तेवढीच अवघड होते.

मळमळ होणाऱ्यानं खालच्या डेकवर मधोमध बसावं आणि नजर दूर, पाणी-आभाळ भेटतं तिथं ठेवावी. मोबाईलमध्ये डोकं घातलं की संपलं! डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळा, वारा टोपी नेतो. बाकीच्यांनी थोडे पैसे जास्त देऊन वरच्या डेकवर जावं. मागच्या बाजूला उभं राहिलं की गेटवे आणि ताज हळूहळू लहान होत जाताना दिसतात. ताज १९०३ ला उघडलं आणि गेटवे १९२४ ला, म्हणजे मधली एकवीस वर्षं बोटीनं येणाऱ्याला आधी ताजच दिसत होतं. कोणी उलटं सांगितलं तर पटवून घेऊ नका. पुढे तोंड केलं तर डाव्या हाताला नौदलाची गोदी लागते. युद्धनौका डोळ्यांनी पाहा, पण कॅमेरा तिकडे वळवू नका. पक्ष्यांना गाठी-शेव फेकण्याचा नाद पोरांना लागतो, तेवढा टाळा.

तासाभरात घारापुरी येते. वर चढायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. माकडं हातातली पिशवी ओढतात, खाणं आत ठेवा. लेण्यांतली त्रिमूर्ती सुमारे वीस फूट उंच आहे. तिच्यासमोर सेल्फी घेऊन पळू नका, अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबा, मग तिन्ही चेहऱ्यांतला फरक दिसतो. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो आता तिथं नाही. तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. दुसऱ्या दिवशी तिकडे जा.

घारापुरीला उतरतानाच खलाशाला शेवटच्या लाँचची वेळ विचारा आणि परतीचं तिकीट जपा. आणि आरक्षण करताना वार पाहा. सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे रविवारी रात्रीच्या गाडीनं निघू नका.