चालती मोटार कां कण्हते ?

शहाणा वैद्य दुखणाइतास पाहतांच औषध देत नाहीं. तो नाडी पाहतो, छातीचा आवाज ऐकतो, व मग निदान करतो. यंत्राच्या दुखण्यासही हाच नियम लागू आहे. तो न पाळल्यामुळें मला जो धडा मिळाला, तो येथें सांगतों.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या जुन्या मोटारींतून, ताशीं ४० किलोमीटरच्या पुढें वेग गेला म्हणजे, कण्हल्यासारखा सलग आवाज येऊं लागला. गांवांतील एका दुरुस्तीवाल्यानें गाडी चालवून न पाहतांच "टायरांचा आवाज आहे" असा निकाल दिला. मीं दोन नवे टायर घेतले. पैसे गेले, आवाज मात्र राहिला. पुढें कानास त्याची संवय झाली, व त्याच गाडींतून मी कुटुंबासह पांचगणीस निघालों. शिरवळ ओलांडल्यावर आवाज इतका वाढला कीं, मागें बसलेल्या वृद्ध आईनें विचारलें, "अरे, ही गाडी रडते कां ?" मी ओशाळलों. पुढें वाईनंतर पसरणीचा घाट चढावयाचा होता. हळूहळू वाई गांठली व तेथील एका वयस्क मिस्त्रींकडे गाडी नेली.

मिस्त्रींनीं हत्यार उचललें नाहीं. ते माझ्या शेजारीं येऊन बसले व म्हणाले, "मास्तर, आवाज कोठून येतो तें मग पाहूं. आधीं तो कोणाच्या चालीनें चालतो तें पाहूं." या एका वाक्यांत सर्व शास्त्र आलें. मोटारीचे कांहीं भाग इंजिनाच्या गतीनें फिरतात, तर कांहीं चाकांच्या गतीनें. जो भाग दुखावला असेल, त्याच्या गतीबरोबर आवाज चढतो व उतरतो.

पहिली परीक्षा उभ्या गाडीची. गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून इंजिनाचा वेग वाढवावा. तोच सूर निघाला, तर दोष इंजिनाकडे. तेथें वीज उत्पन्न करणारा अल्टरनेटर, पाण्याचा पंप व पट्ट्याच्या कप्प्या पाहाव्या. ज्या गाड्यांचें स्टिअरिंग तेलाच्या दाबानें हलकें होतें, त्यांत तेल कमी झालें किंवा तेलांत हवा शिरली, तर पंप कण्हतो, व स्टिअरिंग वळवितांना तो सूर चढतो. अशा वेळीं नुसतें तेल ओतून स्वस्थ बसूं नये. तें कोठून गळतें याचा शोध करावा. आमची गाडी उभी असतां निमूट होती. तेव्हां तो संशय मावळला.

दुसरी परीक्षा सपाट व मोकळ्या रस्त्यावरची. गाडीचा वेग ताशीं ५० किलोमीटर कायम ठेवून मीं आधीं चौथा व मग तिसरा गिअर घातला. इंजिनाची गति बदलली, पण सूर बदलला नाहीं. म्हणजे तो चाकांच्या चालीचा होता. एकाच गिअरमध्यें आवाज येता, तर गिअरपेटी उघडावी लागती. अॅक्सिलरेटर दाबतांना एक व सोडतांना दुसरा असा फरक पडता, तर दांतेचक्रांवर संशय जाता. कारण त्या वेळीं दांत्यांच्या दाब घेणाऱ्या बाजू बदलतात. तसेंही झालें नाहीं.

दांत्यांचा सूर कसा निघतो, हें गणितानें पाहूं. चाकाचा परीघ १.८५ मीटर धरा. ताशीं ६० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें १६.७ मीटर, तेव्हां चाक सेकंदास सुमारें ९ फेरे करतें. त्याच गतीनें फिरणाऱ्या दांतेचक्रास ३७ दांते असतील, तर सेकंदास ९ × ३७ = ३३३ वेळां दांत्यास दांता भिडतो, व तितक्या कंपनांचा सूर उमटतो. वेग निम्मा करा. कंपनें निम्मीं होतात, आणि पेटी वाजविणाऱ्यास तत्काळ कळतें कीं, सूर एक सप्तक खालीं आला. पुष्कळ गाड्या मागें जातांना कण्हतात, ती मात्र व्याधि नव्हे. त्या गिअरचे दांते सहसा सरळ कापलेले असून एकदम भिडतात. पुढील गिअरांचे दांते तिरपे असल्यानें क्रमाक्रमानें भिडतात, म्हणून ते शांत असतात. विजेवर चालणाऱ्या मोटारींचा बारीक सूरही बहुधा स्वाभाविकच असतो.

आतां उरले टायर व बेअरिंग. टायरांचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो. खडबडीत डांबरावर एक, गुळगुळीत रस्त्यावर दुसरा. बेअरिंग रस्त्यापेक्षां भारास अधिक ओळखतें. मिस्त्रींनीं हलकेंच डावीकडे वळावयास सांगितलें, आवाज वाढला. उजवीकडे वळतांच तो जवळजवळ थांबला. डाव्या वळणावर जसे आपण उजवीकडे झुकतों, तसा गाडीचा भारही उजव्या चाकांवर पडतो. म्हणून दोष बहुधा उजव्या बाजूस.

परत आल्यावर त्यांनीं गाडी उचलून खालीं भक्कम टेकू दिले, उजव्या बाजूच्या स्प्रिंगवर बोटें ठेवलीं व चाक हातानें फिरविलें. पुढील चाकाची खरखर बोटांस स्पष्ट लागली. बेअरिंग काढलें, तेव्हां गोळ्यांच्या वाटेवरील पोलादाचे टवके उडालेले दिसले. असेंच दामटलें असतें, तर चाक अडकण्याचा किंवा निखळण्याचा धोका होता, आणि तोही घाटांत ! नव्या बेअरिंगची किंमत माझ्या दोन टायरांहून पुष्कळ कमी होती.

या परीक्षा करतांना कांहीं पथ्यें पाळावीं. चालकानें रस्ता पाहावा, ऐकण्याचें काम दुसऱ्यास द्यावें. उतारावर न्यूट्रल करूं नये, व चालत्या गाडीचें इंजिन कधींही बंद करूं नये. फिरत्या पट्ट्याजवळ हात नेऊं नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शिरूं नये.

प्रयोगशाळेंत आम्ही तुम्हांस शिकवितों कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदला, बाकीच्या कायम ठेवा, व फरक नोंदवा. मिस्त्रींनीं रस्त्यावर तेंच केलें. मी तें वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों, पण स्वतःच्या गाडीच्या वेळीं विसरलों. तुम्हीं विसरूं नये, म्हणून हें लिहिलें.