महापुरात सामान आणि चूल : कुटुंबासाठी एक पाठ

श्रावणसरी लागून राहिल्या म्हणजे पंचगंगेच्या काठच्या प्रत्येक घरात एकच प्रश्न ऐकू येतो : "पाणी कोठवर आले?" हा प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ दुसरा एक प्रश्न असतो व तो फारसा कोणी विचारीत नाही. तो असा की, घर हलविण्याची वेळ आली तर आधी काय उचलावयाचे, आणि त्या धांदलीत घरची माणसे जेवणार काय? ह्या पाठात त्याच साध्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

प्रथम नदीविषयी दोन शब्द. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्यांची मिळून पंचगंगा होते. प्रयाग चिखली येथे त्यांचा संगम आहे. कोल्हापुराजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची उंची मोजतात. तेथे ३९ फूट झाले म्हणजे इशारा व ४३ फूट झाले म्हणजे धोका, हे आपल्याकडील शाळकरी मुलांसही ठाऊक असते. २००५ साली मोठा पूर आला. जे त्या पुरातून निभावले, त्यांनी भिंतीवर पाण्याची खूण करून ठेविली व त्याहून अधिक पाणी यावयाचे नाही असे मनाशी धरिले. परंतु २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुण्याहून बंगळूरला जाणारा हमरस्ता शिरोलीपाशी बुडून कित्येक दिवस बंद राहिला, आणि चोहोंकडे पाणी असताना शहरात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. पुढे २०२१ च्या जुलैत पाण्याने पुन्हा ५० फुटांची मर्यादा ओलांडिली.

आता नदीकाठच्या एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणू. नाव सांगण्याचे कारण नाही. करवीर व शिरोळ तालुक्यांत अशी घरे पुष्कळ सापडतील. घरात म्हातारी सासू, मुलगा, सून व दोन नातवंडे. दारात दोन म्हशी. २०१९ च्या त्या दिवसांत पाणी गावाच्या वेशीशी आले, तेव्हा मुलाने म्हशी उंचवट्यावर पोहोचविल्या व शेजारच्या दोघांस हाक मारून तो सामान उचलावयास लागला. सासूबाई भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पाच साली पाणी ह्या कोनाड्याच्या खालीच थांबलं हुतं. त्याच्या वर ठिवा, बास झालं."

घरात मामंजींच्या वेळचे एक सागवानी कपाट होते. तिघांनी त्यास हात घातला. आतले कपडे व भांडी न काढताच ते उचलण्याची खटपट चालली. एकाचे बोट चेंगरले, एकाच्या कमरेत कळ आली. दोन तास गेले, तेव्हा कपाट एकदाचे टेबलावर चढले. इतका वेळ सून काय करीत होती? ती तिघांसाठी चहा ठेवी, मुलांस भात घाली, आणि मधल्या वेळात डाळीचे डबे एकटीच माळ्यावर नेई. एकदा ती म्हणाली, "आत्याबाई, पिठाचा डबा वर घ्यायला कुणीतरी हात लावा." उत्तर आले, "आधी कपाट हूं दे."

पहाटे पाणी उंबऱ्याला लागले व दिवस वर येईतो कोनाडा बुडाला. कोनाड्यात सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. ओट्याखालचे पीठ भिजले, उन्हाळ्यात वर्षभरासाठी कुटून ठेविलेली कांदा-लसणाची चटणी पाण्याने नासली, आणि गॅसची टाकी खोलीभर तरंगू लागली. घरातून निघताना त्यांजजवळ खाण्यासारखे एवढेच होते : सुनेने रात्री सर्वांच्या नकळत भाजून फडक्यात बांधिलेल्या जोंधळ्याच्या दहा भाकरी व खर्डा. शाळेतील छावणीत पहिल्या दिवशी त्याच भाकरी घरच्यांनी खाल्ल्या, व तान्हे मूल घेऊन आलेल्या एका अनोळखी बाईसही त्यांतून दोन मिळाल्या. पाणी ओसरल्यावर घरी येऊन पाहतात तो टेबल व कपाट दोन्ही आडवी पडलेली. लाकूड फुगून कपाटाची दारे घट्ट बसली होती.

ह्या घराची चूक कोणती? कपाटावर प्रेम केले ही चूक नव्हे. वडिलांची आठवण जपणे हा मनुष्याचा चांगला गुण आहे. चूक दोन ठिकाणी झाली. पहिली अशी की, मागच्या पुराची खूण हीच पुढच्या पुराची हद्द, असे त्यांनी मानिले. खूण ही गेल्या गोष्टीची साक्ष आहे. ती पाण्याला बांध घालीत नाही. दुसरी चूक अशी की, जड वस्तू उचलणे हे काम, आणि स्वयंपाक हा आपोआप होणारा प्रकार, असा भेद त्यांनी केला. कपाटाला सहा हात मिळाले व पिठाच्या डब्याला एकही मिळाला नाही. परंतु संकटाच्या दिवशी घर तगले ते भाकरीवर.

तर मग कसे करावे?

पहिली गोष्ट, क्रम ठरवावा. प्रथम माणसे व जनावरे, नंतर औषधे, कागदपत्रे व पिण्याचे पाणी, त्यानंतर धान्य, पीठ, मीठ, तेल, काडेपेटी व चार भांडी, मग अंथरूण-पांघरूण. कापसाची गादी एकदा भिजली की दोघांस उचलत नाही, म्हणून ती कोरडी असतानाच वर न्यावी. पलंग, टेबल व कपाट ह्यांची पाळी सर्वांच्या शेवटी येते. कपाट उचलावयाचे तर ते आधी रिकामे करावे व खण बाहेर काढावे. म्हणजे भार हलका होतो आणि ओलीने खण आत अडकून बसत नाहीत. भुशाच्या फळ्यांचे सामान पाण्यात फुगून फुटते. भरीव सागवान पुष्कळदा सावलीत सावकाश वाळविले असता पुन्हा उपयोगी पडते. शीतकपाट जड दिसले तरी पाण्यात तरंगते व कलंडते, हेही ध्यानात असावे.

दुसरी गोष्ट, निघण्याआधी विजेचा मुख्य खटका बंद करावा. गॅसच्या टाकीचा रेग्युलेटर काढून, तोंडास टोपण बसवून, टाकी उभी ठेवून दोरीने पक्की बांधावी. कोणी माळ्यावर चूल मांडीत असेल तर त्याने खिडकी उघडी ठेवावी. बंद जागेत कोळशाची शेगडी मुळीच पेटवू नये. तिच्यातून निघणारा विषारी वायू डोळ्यांस दिसत नाही व झोपेत माणसाचा प्राण घेतो.

तिसरी गोष्ट, स्वयंपाकासही माणसे नेमावी. एकाने पीठ मळावे, एकाने भाजावे, मुलांनी पाण्याच्या कळशा भराव्या. कोरडी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चिरमुरे व गूळ हे दोन दिवस टिकते आणि त्यास पुन्हा चूल लागत नाही. आमटी-भाताचा बेत अशा वेळी नसावा. आणि जी बाई सर्वांस वाढिते, तिनेही दोन घास खाल्ले की नाही, हे घरच्या कर्त्याने विचारावे.

चौथी गोष्ट, वेळेवर व उजेडी निघावे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर नेणारी नाव उलटली व अनेक जीव गेले. नावेची वेळच येऊ नये, रस्ता कोरडा असतानाच पाय काढावा, हा त्या दुःखाचा धडा आहे. सामानासाठी घेतलेला एक तास कधी कधी फार महाग पडतो.

पाचवी गोष्ट परत आल्यावरची. कपाटाच्या मागे व भांड्यांच्या उतरंडीत साप-विंचू दडलेले असतात. काठीने आवाज करून मगच हात घालावा. पुराच्या पाण्याने भिजलेले पीठ व धान्य वाळवून खाऊ नये. पाणी उकळून प्यावे. पायास जखम असता चिखलात उतरू नये, व ताप आल्यास सरकारी दवाखान्यात लगेच जावे. कारण उंदरांच्या मुतापासून होणारा ताप पुरानंतर पसरतो.

त्या घराकडे पुन्हा वळू. २०२१ च्या जुलैत पाणी चढू लागले, तेव्हा मुलगा सवयीने कपाटाकडे निघाला. सासूबाई उठल्या, पिठाच्या डब्याची एक कडी त्यांनी स्वतः धरिली व म्हणाल्या, "कपाट ऱ्हाऊ दे तिथंच. सूनबाई, तू सांग, आधी काय घ्यायचं." त्या दिवशी घर दुपारीच रिकामे झाले. निघण्याआधी सर्वजण एकत्र जेवले, आणि वाढणारीही त्या पंक्तीत होती.

वाचकहो, २०१९ च्या पुरात न बुडालेल्या गावांतील बायांनी भाकरी भाजून छावण्यांत पाठविल्या, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. ज्यांचे घर उंचावर आहे त्यांनीही हा पाठ आपल्यासाठी नाही असे समजू नये. त्यांची चूल दुसऱ्यासाठी पेटावयाची असते.

कुटुंबात बसून विचारण्याचे प्रश्न :
१. आपल्या घरातून एका तासात निघावे लागले तर पहिल्या पाच वस्तू कोणत्या?
२. जड सामान कोण उचलील व भाकरी कोण भाजील? हे आज ठरले आहे काय?
३. आजी-आजोबांची औषधे कोठे आहेत, हे घरातील प्रत्येकास माहीत आहे काय?
४. आपल्या गल्लीत एकटे राहणारे कोण आहे, व त्याच्या दारी प्रथम कोण जाईल?